कुंपणावरचा शिरस

शिरस आमच्या स्वयंपाकघराकडे वाकतो आहे, हे माझ्या लक्षात आलं ते वाळत घातलेल्या लुगड्यांमुळे. झाडापासून खिडकीच्या गजापर्यंत मी तार बांधली होती. बांधली तेव्हा ती ताणलेली होती, लुगडी हात वर करून टाकावी लागत. पावसाळा निम्मा सरला तोवर तीच तार इतकी सैल झाली की सासूबाईंच्या लुगड्याचा काठ चिखलात लोळायला लागला. मी तार पुन्हा ओढून बांधली. आठ-दहा दिवसांत ती परत लोंबली.

वरठीपासून सायकलनं वीस मिनिटांवर आमचं गाव. नवरा वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात. शेजारचे भाऊजीही तिथलेच, दोघांची पाळी एक, दोघं एकाच मोटरसायकलवर जात. त्यांची बायको माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला बाई म्हणायचे. आमच्या घरांमागच्या दोन वाड्यांच्या मधोमध, तारेच्या कुंपणावर, हा शिरस. नेमका कोणाचा, हे कधी कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत आणि आम्ही दोघी त्याच्याखाली बसून कुरडया घालायचो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत बाईनंच मला न्हाऊ घातलं होतं. माहेरच्या बहिणीला सांगितलं नाही ते मी बाईला सांगत असे.

मी नवऱ्याला तार दाखवली.

"तार जुनी झाली, म्हणून लोंबून राहिली," तो म्हणाला.

"अजी, तार नवीन हाये. झाड सरकून राहिलं."

"झाडाले पाय फुटले का आता?" आणि हसला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातले दोघं-तिघं घरी चहाला आले होते. त्यांनाही त्यानं ते सांगितलं, की आमच्या घरी झाड चालते. सगळे हसले. भाऊजीही हसले, पण ते चहा अर्धा ठेवून उठले हे मी पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "काही नाही होत माय. त्याच्या मुळ्या पाताळात गेल्या असतील." बोलताना ती सुपात तांदूळ पाखडत होती आणि तिनं मान वर केली नाही.

मी गप्प बसले नाही. गोसीखुर्दच्या बुडीत गावातून येऊन आमच्याकडे वसलेला एक लाकूडतोड्या होता. धरणाचं पाणी चढायच्या आधी त्यानं आपल्या गावची झाडं स्वतःच्या हातानं पाडली होती, असं लोक सांगत. मी निरोप धाडून त्याला बोलावलं. तो आला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोड ठोकून पाहिलं, कान लावला. खोड ठणठणीत होतं. मग तो बुडाभोवती फिरला आणि कुंपणापलीकडे, बाईच्या वाडीच्या बाजूला, थबकला. तिथली माती फुगल्यासारखी वर आली होती आणि तिच्यात बोटभर रुंद चीर होती.

"इकडं कोणी खोदलं होतं का जी?" त्यानं विचारलं.

नवरा माझ्या शेजारीच उभा होता. "नाही," तो म्हणाला. "इकडं कायले कोण खोदते?"

"मुळ्या साबूत असतील तं झाड टिकते," लाकूडतोड्या म्हणाला. "घराकडचा भार कमी करून टाका." त्यानं दोन फांद्या उतरवल्या, उरलेल्या पाऊस उघडल्यावर उतरवू म्हणाला आणि गेला. मला हायसं वाटलं. जाणत्या माणसानं पाहिलं होतं.

भादव्यात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. पान हलत नव्हतं. मी चुलीपाशी होते आणि सासूबाई मागच्या पडवीत अंबाडी निवडत बसल्या होत्या. आधी जमिनीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला, लांबलचक. मी हातातलं भांडं ठेवलं आणि पडवीच्या दाराशी आले. शिरस आमच्याकडे येत होता. घाईनं नाही, सावकाश. मी "आई!" म्हणून ओरडले. त्या उठेपर्यंत छपराचे कवेलू, वासे, फांद्या, सगळं खाली आलं.

हिरव्या पानांत त्यांचा हात दिसत होता आणि मुठीत अंबाडीची जुडी तशीच होती. गावातल्या माणसांनी फांद्या तोडून त्यांना बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याला नेलं. नवरा कामावरून तसाच दवाखान्यात आला. आईचे पाय धरून तो रडला, आणि मीच त्याला धीर दिला. "तुमी काय करान," म्हटलं, "आपल्या हातात होतं का?"

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. झाड तसंच आडवं पडलेलं. बुडाचा गड्डा जमिनीतून उपसून उभा राहिला होता, माणसाच्या उंचीचा, आणि पावसानं त्याची माती धुऊन निघाली होती. आमच्या बाजूच्या मुळ्या पिळवटलेल्या होत्या, दोरखंडासारखे धागे सुटलेल्या. बाईच्या बाजूला मुळ्या नव्हत्याच. होते ते सपाट तुकडे, मांडीएवढे जाड, चार. आरीनं कापलेले. त्यांचे काप काळे पडले होते, म्हणजे कालपरवाचे नव्हते. समोर खड्ड्याच्या कडेला बाईच्या संडासाच्या टाकीची सिमेंटची भिंत उघडी पडली होती.

दोन वर्षांपूर्वी, वडील आजारी होते म्हणून मी पंधरा दिवस माहेरी दिघोरीला गेले होते. परत आले तेव्हा बाईचा संडास बांधून झाला होता. टाकी रस्त्याच्या बाजूला घेतली, असं तिनंच मला सांगितलं होतं. इथं वर तर तिनं मोगरा लावला होता.

बाई दारातच उभी होती.

"बाई, ह्या मुळ्या कोणी कापल्या?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मी नाही म्हटलं होतं वो."

"कोणी कापल्या?"

"तुह्या घरी पूस."

मी भंडाऱ्याला परत कशी पोचले ते आठवत नाही. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मी फक्त "मुळ्या" एवढंच म्हटलं. त्याला पुढं विचारावं लागलं नाही. रस्त्याकडे खडक लागला, म्हणून टाकी झाडाकडे घेतली, त्यानं सांगितलं. भाऊजीनं विचारलं, यानं हो म्हटलं. आरीचं एक टोक भाऊजीच्या हातात होतं आणि दुसरं याच्या.

"मग त्या माणसानं विचारलं तवा नाही काहून म्हटलं?"

"तुह्यासमोर कसं सांगू?" तो म्हणाला. "वाटलं, इतक्या मुळ्या असतात, चारानं काय होते."

तार लोंबते म्हणून मी त्याच्यामागं लागले होते तेव्हा त्याला कारण माहीत होतं. मित्रांना हसवत होता तेव्हाही माहीत होतं. आदल्या दिवशी याच दवाखान्यात मी त्याला धीर देत होते.

तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आला. झाड कशानं पडलं, त्यानं विचारलं.

"वाऱ्यानं," भाऊजी म्हणाले.

"वारा नव्हता," मी म्हटलं. "मुळ्या पाहा."

तलाठ्यानं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाऱ्यानंच पडलं साहेब. ती सैपाकात होती, तिले काय मालूम." तलाठ्यानं तेच लिहिलं. मुळ्यांकडे तो गेलाच नाही.

सासूबाई महिन्याभरानं घरी आल्या. त्यांचं उठवणं-बसवणं, अंग पुसणं, सगळं माझ्याकडे. त्यांना हे सांगावं की नाही, यात मी बरेच दिवस काढले. आपल्याच लेकानं आपला खुबा मोडला हे ऐकून बुढी खचेल, असं वाटे. शेवटी एका दुपारी त्यांच्या पायाला तेल लावताना राहवलं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं.

 त्या म्हणाल्या, "मी होती ना तवा घरी. मीच दोघाईले चहा करून देल्ला."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"तुले सांगतलं असतं तं तू बोंबलली असती," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याचं काम अडलं असतं. झालं ते झालं. आता लोकाईत बोभाटा नोको करू, पोराची इज्जत जाते."

त्या पडवीत रोज बसत होत्या, त्या झाडाखाली. माझी लोंबणारी तारही त्यांनी रोज पाहिली होती, आणि आपल्या लुगड्याचा काठ चिखलात जातो म्हणून मलाच बोलल्या होत्या. मला त्यांचा राग आला, आणि त्या वाळक्या पायाकडे पाहून तो धड करताही येईना. मी तेल लावून पुरं केलं. आत गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले. या घरात अठरा वर्षं मी कोणासोबत जेवत होते, तेच मला कळेना.

बाई एकदा भाजीची वाटी घेऊन आली होती. मी वाटी घेतली, रिकामी करून, धुऊन, तिथंच तिच्या हातात दिली. मी काही बोलेन म्हणून ती थांबली. मी दार लोटून घेतलं.

घराच्या मागच्या परसात, सांदवाडीत, एक जुना निंब आहे. त्याच्या बुडाशी या वर्षी अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या, आणि खोडात सळई हातभर आत जाते. तो कोणाच्या अंगावर पडायच्या आत उतरवावा म्हणून मी ग्रामपंचायतीत एकटीच गेले आणि अर्ज लिहून घेतला. घर नवऱ्याच्या नावावर, सही त्याची लागते म्हणाले. संध्याकाळी मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं काय आहे ते विचारलं नाही, वाचलंही नाही. सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवला. मी कागद घडी करून डब्यात ठेवला आणि त्याचं ताट वाढलं.