रिपोर्टआधी दिलेली साक्ष

रविवार, संध्याकाळ. संगतीतल्या बहिणींनो, महिनाभर ग्रुपवर गप्प राहिले, माफ करा.

यांच्या गाठीचा रिपोर्ट येण्याआधीच मी चर्चच्या उपासनेत उभी राहून साक्ष दिली होती, की प्रभूने माझ्या नवऱ्याला बरं केलं. रिपोर्टमध्ये गाठ पसरलेली निघाली. ते मी कुणालाच सांगितलं नाही.

आज सुकापूरच्या शीलामावशी, त्या आपल्या ग्रुपवर नाहीत, हे बरे झाले म्हणून केक घेऊन आल्या. "तुझी साक्ष ऐकून मीपण शुगरच्या गोळ्या सोडल्या गं! विश्वास काय तुझ्या एकटीचाच मोठा?" त्या हसत होत्या. मी केक कापला.

तो विश्वास होता, की मी देवाला पेचात टाकत होते? आता प्रार्थनेला शब्दही सुचत नाहीत. आमच्यासाठी तुम्ही कराल?

उद्याचं काम: सकाळीच सुकापूरला जाऊन मावशींना खरं सांगायचं आणि गोळी माझ्यासमोर घ्यायला लावायची.