चार दिवस थांब

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग डोंगरात होती. हुद्दा एमटी हवालदार, म्हणजे युनिटच्या गाड्या आणि ड्रायव्हर यांचा मुकादम. सकाळी सहाला फर्स्ट परेड: तेल, पाणी, टायर, ब्रेक. ड्रायव्हरने गाडी स्वतः तपासायची, खोट दिसली तर डायरीत लिहायची, मी सही करायची, गाडी वर्कशॉपला. नियम इतका सोपा, की सुरतेत भेस्तानला लूम चालवण्यात जन्म गेलेल्या, शाळा न पाहिलेल्या माझ्या बापालाही कळला असता. आम्हाला कळला नाही, कारण आम्हाला ट्रॉफी हवी होती.

वर्षभर एकही अपघात न करणाऱ्या युनिटला ती मिळायची. एमटी पार्कच्या गेटवर बोर्ड होता, ‘अपघाताविना दिवस’, आणि खाली आकडा. आमचे सुभेदारसाहेब रोज सकाळी तो आकडा स्वतः बदलायचे, देवाला हार घालावा तसे. शिवाय रिस्कचा फॉर्म होता. रस्ता, हवामान, ड्रायव्हरची झोप, गाडीची हालत, प्रत्येकापुढे खूण करायची. आमचा क्लार्क महिन्याभराचे फॉर्म एका बैठकीत भरायचा. पुढच्या पंधरवड्याचं हवामानही ‘चांगलं’. डोंबलाचं चांगलं. मी ते बघून हसायचो आणि सह्या ठोकायचो.

बोर्डावर ३६१ होते त्या दिवशी लान्स नायक किशोर अहिरे माझ्याकडे आला. सव्वीस वर्षांचा, सुरतजवळच्या चलथाणचा. युनिटमध्ये सुरतकडचे आम्ही दोघेच, म्हणून मराठी, गुजराती, हिंदी, तोंडात येईल ते बोलायचो. पाणी भरायच्या चढावर त्याची अडीच टनी गाडी मागे घसरली होती. चाकामागे दगड होता म्हणून थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

"उस्ताद, ब्रेकचं पेडल दोनदा मारावं लागतं," तो म्हणाला. "डायरीत लिहितो."

मी सुभेदारसाहेबांकडे गेलो. त्यांनी मलाच शहाणपण शिकवलं. लिहिलं तर गाडी ऑफ रोड, म्हणजे उभी राहणार, घसरली कशी म्हणून विचारणा येणार, तो अपघात धरणार आणि बोर्ड शून्यावर. त्यापेक्षा वर्कशॉपचा एक ओळखीचा मेकॅनिक गुपचूप येऊन बघून जाईल म्हणाले. पुढे काळं कुत्रंही फिरकलं नाही. पण त्या वेळी मी मान डोलावली, परत आलो आणि किशोरला म्हणालो, "चार दिवस थांब."

तो ठीक आहे म्हणाला. उस्तादाला उलट बोलायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी राशन आणायला खाली जायचं होतं. दोन गाड्या. किशोर पुढे, मी मागच्या गाडीत. ०९४० ला निघालो. त्या दिवशीच्या फॉर्मवर ‘धोका: कमी’ लिहिलेलं होतं, खाली माझी सही. ०९५५ ला उतारावर वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. कॉल साइन वगैरे काही नाही.

"उस्ताद, ब्रेक लागत नाही."

"गिअर उतरव. डोंगराला घास."

"तिकडे मजूर आहेत."

पुढच्या वळणावर रस्त्याचं काम चालू होतं. डोंगराला लागून दहा-पंधरा बायामाणसं खडी पसरत होती. किशोरने को-ड्रायव्हरला उडी मारायला लावली. त्याचा हात मोडला, पण तो वाचला. मग किशोरने स्टिअरिंग दरीकडे फिरवलं. ०९५८. मी सेटवर त्याला तीनदा हाक मारली.

संध्याकाळपर्यंत पहिला रिपोर्ट तयार झाला. डायरी कोरी, म्हणजे गाडी ठीक. गाडी ठीक, म्हणजे चालकाची चूक. माझा जबाब घेतला. सुभेदारसाहेबांनी पढवलं तसं मी म्हणालो, "लेखी तक्रार नव्हती." वाक्य अक्षरशः खरं होतं. इतकं हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. ट्रॉफी गेली म्हणून.

मी सुरतचा म्हणून त्याला घरी न्यायला मला पाठवलं. चलथाणला मोठे बॅनर लागले होते, त्यावर मेलेल्यापेक्षा जिवंत पुढाऱ्यांचे फोटो मोठे. पण घरातल्यांच्या माना खाली होत्या. रिपोर्टची बातमी मोबाइलवरून आधीच पोचली होती: पोरगा गाडी भरधाव चालवत होता. त्याच्या वडिलांनी तीस वर्षं साखर कारखान्याला ऊस ओढला, ट्रॅक्टरने. शेजारच्या माणसाने त्यांच्यासमोरच मला विचारलं, जास्त वेगात होता का? मला हुकूम होता, चौकशी चालू आहे एवढंच बोलायचं. मी एवढंच बोललो. थू माझ्यावर.

म्हातारा जवळ आला. ब्रेक असा एका सकाळी जात नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याने अहिराणीत एकच विचारलं, "त्यानी कोनले सांगेल व्हतं का?"

"मला सांगितलं होतं, काका. मी लिहू दिलं नाही."

मला वाटलं, मारेल. मारायलाच हवं होतं. तो माझ्याकडे पाठ करून लोकांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मना पोऱ्यानी सांगेल व्हतं." परत एकदा म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि मुलाला खांदा द्यायला गेला.

युनिटला परतल्यावर मी तेच लेखी दिलं. ‘चालकाची चूक’ हे शब्द रिपोर्टमधून निघाले. त्याबरोबर माझं प्रमोशनही गेलं. सुभेदारसाहेब हार घालून घेऊन रिटायर झाले.

आता मी हजीऱ्याला एका प्लांटच्या गेटवर आहे. सेफ्टी वीकला साहेब लोक मला स्टेजवर चढवतात, जवानांच्या शौर्याची गोष्ट सांगा म्हणतात. मी हीच सांगतो. शेवटी ते टाळ्या वाजवतात, त्यांना दुसरं काही येत नाही. मग मी सांगतो, टाळ्या बंद करा आणि उभे राहा. लान्स नायक किशोर अहिरे, चलथाण. तो माणूस सांगून मेला आहे.