रोमन शेजारणीची ग्वाही

पुणतांब्याच्या जवळ, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. आमच्या गल्लीत ख्रिश्चनांची घरं दोनच, आणि त्या दोन घरांचं धर्मावरून कधी जमलं नाही. आम्ही मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट. समोरचे रोमन, म्हणजे कॅथलिक. गावाच्या लेखी आम्ही सगळे येशूवाले. माझ्या आईला मात्र हा फरक जमीन-अस्मानाचा वाटे. ती नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. "रोमन लोक मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात. पाप करतात, फादरच्या कानात सांगतात, आणि पुन्हा पाप करायला मोकळे," हे ती भाजी निवडता निवडता सांगायची.

समोरची सून दर सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेहून आली की आम्हाला रेवड्यांची पुडी आणून द्यायची. आई हसून घ्यायची आणि ती गेली की पुडी शेळीपुढे टाकायची. आई गेल्यावर मी त्या रेवड्या खाऊ लागले, पण आईच्या फोटोकडे पाठ करून. जन्मभर शाळेच्या फळ्यावर सर्वधर्मसमभावाचे सुविचार लिहिलेली बाई मी, आणि ही माझी तऱ्हा.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि समोरचीचं नाव पुढे आलं. सासू-सासरे कधीच गेलेले, नवरा फॅक्टरीत, आणि ती बचत गट चालवून चालवून गावातल्या निम्म्या बायकांचं हक्काचं माणूस झालेली. आमच्या गल्लीला नळ आला तो तिनं ग्रामसेवकाचा पिच्छा पुरवला म्हणून. तिच्याइतकं लायक वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं, हे तिचे विरोधकही मान्य करायचे.

मग एका सकाळी पॅनेलचे पुढारी माझ्याकडे आले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. माझ्याच हाताखाली चौथी पास झालेले.

"बाई, येक अडचन हाय," खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले. "आमचे समदे उमेदवार खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलनार. निवडून आल्यावर फुटनार न्हाई, म्हनून. ही म्हनती, मी शपथच खात न्हाई. हो म्हनलं म्हंजी हो."

मी चपापले. शपथ वाहू नये, आपलं हो ते हो असावं, हे तर बायबलातलं आईचं आवडतं वचन. ते रोमन बाईच्या तोंडी ऐकून मला उगीचच आपली वस्तू शेजारी गेल्यासारखं वाटलं.

"मग अडचण काय?"

"म्हंत्यात, यांच्यात फादरच्या कानात सांगितलं की पाप माफ हुतं. उद्या ही फुटली, फादरला सांगून आली, की मोकळी. खरं हाय का? तुमी बी त्यांच्यातल्याच."

"मी त्यांच्यातली नाही. ते रोमन, आम्ही मिशनचे."

"म्हंजी देव येगळा?"

"देव एकच."

"मग?"

त्यांच्या तोंडी फादरच्या कानात सांगण्याचं आईचं वाक्य, जसंच्या तसं. ते आमच्या घरातून गावात गेलं की गावातून आमच्या घरात आलं होतं, देव जाणे. मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही.

"मागच्या खेपेला बेलभंडार उचलूनच तुमचे लोक फुटले ना? त्यांना कुठल्या फादरनं माफ केलं?"

तात्या हसले. "त्यांचं खंडोबा बघंल. पन हिचं कोन बघनार? तुमी जिम्मा घ्या. तुमी म्हनला हो, तर हिचा अर्ज भरतो. न्हाई म्हनला, तर आमची धाकटी सून हाय."

म्हणजे तिची उमेदवारी माझ्या जिभेवर. आईच्या फोटोकडे नजर जाऊ नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर ती अंगणात कपडे वाळत घालत होती. "तिचा शब्द म्हणजे शब्द," मी म्हणाले.

"झालं तर मग. तुमचं मत धरतो," म्हणत तात्या उठले.

प्रचारात मी तिच्याबरोबर फिरले. बायका तिला ओवाळायच्या, कुंकू लावायच्या, ती लावून घ्यायची. देवळाच्या पायरीशी ती चपला काढून हात जोडायची, पण नारळ दुसऱ्याकडून फोडून घ्यायची. कुणी म्हणे, एवढा कसला ताठा. कुणी म्हणे, बघा, किती मान ठेवते. नगरहून भावाचा फोन आला, "रोमन बाईसाठी तू दारोदार फिरतेस? आई काय म्हणाली असती?" मी फाडकन म्हटलं, "गटार आणि रस्त्यासाठी माणूस निवडतोय, चर्चचा पाळक नाही." फोन ठेवला आणि वाटलं, खरंच धर्माचा संबंध नसेल, तर "आपलं माणूस" पंचायतीत बसणार म्हणून मी मनातून खूश का आहे? आणि ती आपली असेल, तर तिच्या गळ्यातली जपमाळ अजून माझ्या डोळ्यांना का खुपते? मतदानाच्या दिवशी तिच्या कपबशीच्या चिन्हासमोरचं बटण दाबलं, तेव्हाही डोक्यात हाच गुंता होता.

ती निवडून आली. केसांत गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन थेट माझ्याकडे आली. मला पेढा भरवला आणि उंबऱ्यातच बसली.

"बाई, मतदानाआधी तात्या गल्लीची मतं मोजत हुते, तवा तुमचं पहिलं धरलं," ती म्हणाली. "मी म्हनलं, बाईंचं धरू नका."

"का गं? ग्वाही तर मीच दिली होती!"

"त्याचे लई उपकार हायेत. पन तुमची शेळी आमच्या दारावरूनच चरायला जायची, बाई. तिच्या तोंडाला रेवड्यांचा कागद असायचा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी मत तिलाच दिलं होतं. पण ते दाखवणार कुठून?

"तुलाच दिलं मी. आईशप्पथ."

"शपथ कशाला, बाई? हो म्हना. पुरे."

"हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पुडा उचलला आणि पुढच्या घरी गेली. माझं मत तिनं धरलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.