किराइताचा हात

आचऱ्याच्या गाबीतवाडीत पोराचं अंगावरचं दूध तोडायचं झालं की द्वारकाबाईला बोलावणं यायचं. ती आईच्या छातीला कडू किराईत फासायची. पोर पुन्हा तोंड लावत नसे.

पंचावन्न साली तिची लाडकी कुत्री चांदी व्याली. पिल्लांनी ओढून ओढून तिची हाडं वर काढली, तसं द्वारकाबाईने तिलाही किराईत फासलं. चांदी विश्वासाने पोट वर करून पडली होती. हात बाजूला होताच तिने ते जहर स्वतःच चाटून काढलं आणि फेसाळल्या तोंडाने पिल्लांना पाजलं.

“माझा खाऊन माकाच फसयतंस गो?” द्वारकाबाई कडाडली.

सकाळी तिनेच बांगडा पुढे केला. चांदीने हात हुंगला, तोंड फिरवलं.

द्वारकाबाईने राखेने हात घासघासून धुतले. पण चांदीने त्या हातचं पुन्हा कधी खाल्लं नाही.