आधी तुहा हात

शेवटच्या भेटीत मी शेषरावच्या खाटेशी बसून आमचा टाकीचा किस्सा सांगत होतो. त्यातला मासा म्हशीएवढा झाला, तरी तो ‘कमी कर लेका’ म्हणाला नाही... तेव्हाच मी काय ते ओळखलं.

नाचणगावचा शेषराव विहिरी बांधणारा गवंडी, मी त्याचा जोडीदार. ऐंशी सालाच्या आगेमागे, भर उन्हाळ्यात, वर्ध्यातल्या एका बागेच्या मत्स्यघरात आम्हाला बोलावणं आलं. मोठ्या टाकीतला सिमेंटचा खोटा डोंगर बुडाशी फाटून काचेकडे झुकला होता. टाकी रिकामी करावी, तर पुन्हा भरायला गावात पाणी नाही. म्हणजे डागडुजी पाण्याखालीच, माशांच्या संगतीत. पाणी दोन पुरुष खोल. माझ्या तोंडी ते कायम तीन पुरुष असतं.

शेषरावनं धुण्याचा सोडा घालून सिमेंट भाकरीच्या पिठासारखं घट्ट मळलं. सोड्यानं ते लवकर धरतं, पण धरेपर्यंत भेगेवर तळवा दाबून ठेवावा लागतो. एकाचा दम पुरत नाही. म्हणून दुसऱ्यानं बुडी मारून पहिल्याच्या हातावर हात ठेवायचा, मगच खालचा हात निघायचा.

“आधी तुहा हात, मंग माहा सुटते,” शेषराव म्हणाला. “नाई आला तं मी तिथंच बसतो. तुह्या वहिनीले तूच सांगजो.”

दोन फेऱ्या सुरळीत झाल्या. तिसऱ्यांदा तो खाली गेला आणि नेमकी शाळेची सहल आली. पोरं काचेला नाकं लावून थापा मारू लागली. रखवालदार इकडून ओढी, ती तिकडून चिकटत. डोंगर सुटला असता तर काच फोडून त्यांच्याच अंगावर आला असता. थापांनी मासे बिथरले, तळाचा गाळ उठला. मी बुडी मारली, तर डोळ्यांपुढे नुसतं ताक. डोंगर हाताला लागेना. दम संपला, वर आलो. शेषराव वर नव्हता. पुन्हा गेलो... एरवी मी एकाचे दहा करतो, पण त्या वेळात काही वाढवायची माझी आजही हिंमत नाही. चाचपडताना त्याचं कोपर लागलं, मग मनगट. अंग लटलटत होतं, पंजा जागचा हलला नव्हता. त्यावर मी माझा ठेवला. त्यानं सावकाश आपला काढून घेतला.

सिमेंट धरल्यावर मी वर आलो, तर काठावर निळा पडलेला शेषराव म्हणतो, “काऊन रे, चहा पिऊन राह्यला होता काय?”

शेषरावच्या तेरवीनंतर मी तिकडे जाऊन आलो. टाकी आता कोरडी. डोंगर उभा आहे, भेगेवर त्याचा रुंद पंजा आणि त्यात माझी बारकी बोटं उमटलेली. मी आत उतरून हात त्यात बसवला.

“चला काका, कुलूप लावाचं हाय,” रखवालदार म्हणाला.

मला हात काढता येईना. वरून दुसरा हात यायचा होता...