चांदणीला नको असलेला बोकड

वीसेक वर्षं झाली असतील. बार्शीटाकळीजवळच्या एका गावात मी सरकारी योजनेतला बोकड घेऊन उतरलो, तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. पांढराशुभ्र, वासराएवढा...

कपाशी लागोपाठ बुडत होती. जोडधंदा म्हणून शेळ्या पाळा, हे गावोगाव सांगणं माझी नोकरी होती.

बोकड जुबेदाखालांना मिळाला. त्यांची सगळी भिस्त चार गावठी शेळ्यांवर होती. घरचा काळा, बुटका बोकड मी त्यांना शेजाऱ्याला द्यायला लावला. जात सुधारायची होती ना...

महिनाभरानं मी पाहणीला गेलो, त्याच दिवशी त्या चौघींतली चांदणी माजावर आली होती. ओरडत, शेपूट हलवत ती थेट शेजारच्या फाटकाशी, त्या काळ्यापाशी जाऊन उभी राहिली. मी तिला ओढून आणलं. नवा बोकड जवळ आला की ती खाली बसायची, नाहीतर पळायची.

खाला म्हणाल्या, "सायेब, तिले नाई पटून राहिला हा. राहू द्या."

मी हसलो. "बकरीला कसली आलीय पसंती, खाला? पिल्लं बघा कशी तगडी होतील!"

मादी नर निवडते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर दोन पानं लिहिली होती. तरी शेवटी तिची शिंगं मीच धरली...

पाच महिन्यांनी सकाळीच निरोप आला, चांदणी अडली आहे. पिल्लू इतकं मोठं की बाहेरच येईना. दोन तास खटपट केली. पिल्लू मेलेलंच निघालं, आणि दुपारपर्यंत चांदणीही गेली.

खाला रडल्या नाहीत. माझ्या हातावर पाणी घालता घालता एवढंच म्हणाल्या, "तिनं तं सांगतलं होतं सायेब. तुमाले आयकू नाई आलं."

ऑफिसात येऊन फॉर्म भरला. मृत्यूचं कारण... मी लिहिलं, 'मादी अशक्त'. सही केली, चहा प्यायलो.

बाकीच्या तिघींना खालांनी मला न विचारता शेजारच्या काळ्याकडे नेलं. सगळ्या सुखरूप व्यायल्या, असं कानावर आलं. बघायला जायची हिंमत मात्र झाली नाही.

चांदणी अशक्त नव्हती. एवढं तरी आज इथं लिहितो...