पाण्याचा वार

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहर पडेगावच्या पुढं सरकत होतं, नळ मागंच राहिले होते. साथ आलीच तर आरोग्य विभागाचा आपत्कालीन कक्ष तयार आहे का, हे तपासायला पुण्याहून एक डॉक्टर आले. बातमीसाठी मी कक्षात एका कोपऱ्यात बसलो होतो.

फोन, जनरेटर, औषधांचा साठा. डॉक्टरांच्या तक्त्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा पडत गेल्या. मग ते व्हरांड्यात गेले आणि पडेगावचे रहिवासी बनून त्यांनी कक्षाला फोन लावला. घरात चौघांना जुलाब होतायत, काल मंगळवारी नळाचं पाणी प्यालो.

फोन घेतला तो कंत्राटी नर्सनं. त्यांना सगळे ताई म्हणत. हा सराव आहे हे त्यांना ठाऊक होतं. नाव आणि गल्ली लिहून घेत त्यांनी विचारलं, "पाण्याचा वार कोणता तुमचा?"

छापील अर्जात हा प्रश्न नव्हता. डॉक्टर अडखळले, मंगळवारच, म्हणाले.

"मंगळवारी तिथं नळ येत नाय, दादा. टँकर येतो. वार ठाऊक नाय, तर पडेगावचे कसे तुम्ही?"

मग कुठल्याही कागदाकडे न बघता त्यांनी सांगितलं, की तो टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, तिथूनच भरून आणखी कोणत्या वस्त्यांत जातो, उद्या पेशंट कुठं निघतील. मी बरीच वर्षं महापालिकेच्या बातम्या करत होतो. शहर असं पाठ असलेलं माणूस मला भेटलं नव्हतं.

डॉक्टर आत आले. ताई रजेवर आहेत असं धरा, म्हणाले, आणि पडेगावचा टँकर कुठं भरतो, असं शेजारच्या कारकुनाला विचारलं. तो ताईंकडे बघत राहिला.

हे सगळं आज भिंतीवरच्या फळ्यावर लिहून हवं, नाहीतर तयारी अपुरी असा शेरा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ताईंची अकरा महिन्यांची नेमणुकीची ऑर्डर महिनाअखेरीस संपत होती. नवी निघाली नव्हती.

"भिंतीवर सगळं आल्यावर माझी ऑर्डर निघंल का, साहेब?"

शिफारस करीन, डॉक्टर म्हणाले, पण ते माझ्या हातात नाही.

ताईंनी मार्कर कारकुनाच्या हातात दिला.

"लिही. पडेगावपासून धर. नीट लिही, उद्या सांगायला मी नसंन."

चार वाजेपर्यंत त्या वस्तीमागून वस्ती, वारामागून वार सांगत होत्या. कारकुनाचा हात दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्यांनी थांबवून दुरुस्त केलं. बसायला खुर्ची होती, तरी डॉक्टर तोवर उभेच होते.